अंगठाताई आणि दादाचा बोर्ड

दुकानात शिरणारं नवं गिऱ्हाईक आधी भिंतीकडे बघतं. त्यात त्याचा दोष नाही, भिंतच तशी आहे. छतापासून फरशीपर्यंत बर्फावरून घसरायचे स्नोबोर्ड टांगलेले. एकावर ज्वाळा, एकावर वाघ, एकावर नुसताच एक डोळा, आणि तोही असा रोखलेला की माणसाने आपसूक खिसा चाचपावा. गिऱ्हाईक मान वर करून म्हणतं, "तो वाघवाला जरा दाखवता?"

तेव्हा गुडघ्याच्या उंचीवरून आवाज येतो, "बूट काढा."

हा आवाज अंगठाताईंचा. त्या काही बुटक्या नाहीत, उभ्या राहिल्या तर मालकांपेक्षा बोटभर उंचच भरतील. पण गेली बावीस वर्षं त्यांचा दिवस एका बुटक्या स्टुलावर जातो, आणि तिथून माणूस गुडघ्यापासून खाली तेवढा दिसतो. त्यामुळे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत. एकदा भर रस्त्यात एका गृहस्थांनी नमस्कार केला, आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, दोघांच्या ओळखीची चार माणसं सांगितली. ताई आपल्या हसऱ्या चेहऱ्याने कोऱ्याच्या कोऱ्या. शेवटी गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, बेचाळीस नंबर, उजवी टाच अरुंद!" तशी ताईंची कळी खुलली. "अगंबाई, मग तसं सांगायचं ना आधी! घरी कसे आहेत सगळे?"

अंगठाताई हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते दुकानात पाच मिनिटं बसलेल्यालाही कळतं. बूट चढवून, नाड्या आवळून झाल्या की ताई वर बघतात आणि डॉक्टरने नाडी धरून विचारावं तशा विचारतात, "अंगठा काय म्हणतोय?"

आजवर कुणीही न विचारलेला हा प्रश्न ऐकून भली भली माणसं गांगरतात. अंगठा काही म्हणतो, हेच मुळी त्यांना ठाऊक नसतं. मग ताई शिकवतात. ताठ उभं राहिल्यावर अंगठा बुटाच्या टोकाला टेकला पाहिजे, पण नुसता टेकला पाहिजे, शेजाऱ्याच्या दारावर हळूच टकटक करावी तसा. गुडघे वाकवले की तो मागे सरकला पाहिजे. टेकतच नसेल तर बूट मोठा. मुडपत असेल तर लहान. आणि टाच? टाच काही झालं तरी जागची हलता कामा नये.

पहिल्यांदा घेणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना एक नंबर मोठा बूट हवा असतो. "जरा सैल द्या हो, आरामाचा." यावर ताईंचं एक ठरलेलं भाषण आहे. "सैल बुटात काय होतं सांगू? तुम्ही पायाला म्हणता वळ. पाय मोज्याला सांगतो. मोजा बुटाला सांगतो. बूट बाइंडिंगच्या पट्ट्यांना सांगतो. आणि निरोप बोर्डापर्यंत पोचेतो झाड आलेलं असतं."

म्हणून त्यांच्याकडे खरेदीचा क्रम उलटा. आधी बूट. मग बाइंडिंग, म्हणजे बुटाला बोर्डावर पकडून ठेवणारा पट्ट्यांचा साचा. ते बुटाच्या मापाचं आणि फार कडक नसलेलं. आणि सगळ्यात शेवटी, गिऱ्हाइकाची मान दुखून ते भिंतीकडे बघायचं विसरलं की बोर्ड. तोही त्याच्या वजनाचा, उभा धरला तर हनुवटी आणि नाक यांच्यामध्ये कुठेतरी पोचणारा, बुटाची टोकं बाहेर लोंबणार नाहीत एवढा रुंद, आणि मऊ. "पहिला बोर्ड मऊच हवा," ताई म्हणतात. "तुमच्या चुका पोटात घालणारा. कडक बोर्ड हेडमास्तरसारखा असतो, चुकलात की जागच्या जागी शिक्षा."

पण ताईंची खरी ख्याती आहे ती त्यांच्या अर्ध्या तासाची.

बूट पायात गेला म्हणजे बसला, असं त्या मानत नाहीत. बूट अर्धा तास पायात राहिला पाहिजे, आणि त्या अर्ध्या तासात माणूस हलला पाहिजे. सुरुवातीला त्या गिऱ्हाइकांना नुसतं उभं करत. पण नुसता उभा माणूस कंटाळतो, आणि कंटाळला की "छान आहे, द्या बांधून" असं खोटं बोलतो. मग एका दिवशी ताईंनी समोरच्याच्या हातात झाडू दिला. तो वाकला, वळला, कोपऱ्यात शिरला, आणि सातव्या मिनिटाला ओरडला, "अहो, डावा घोटा चावतोय!" त्या दिवसापासून पद्धतच पडली. या दुकानात पगारी माणसं दोन, पण कधीही बघा, पाचसहा जण घाम गाळत असतात. दंतवैद्यांनी इथे स्क्रू मापाप्रमाणे वेगळे केले आहेत. एका न्यायाधीशबाईंनी खोकी वाहिली आहेत. मागच्या दाराला निळा रंग एका नव्या जोडप्याने दिला, आणि रंगावरून त्यांचं पहिलं भांडणही तिथेच झालं.

मालक पहिल्यांदा कासावीस झाले होते. "ताई, गिऱ्हाईक पदरचे पैसे मोजून वर झाडू मारतंय. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, दुकान स्वच्छ आहे."

मालकांनी आठवडाभर तोंड फुगवलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच हळूच विचारलं, "ताई, शनिवारी गर्दी असते ना? माळा आवरायचा राहिलाय."

अशा या ताईंनी बावीस वर्षांत एकदाच चुकीचा बोर्ड दिला. आणि तो दिला सख्ख्या भावाला.

दादा लिफ्ट दुरुस्त करतात. शहरातल्या उंच इमारतींच्या लिफ्टा अडल्या की हातातली पेटी घेऊन हा धिप्पाड माणूस जिन्याने चढत येतो. बोलणं कमी, हात स्वच्छ, आणि ताईंपेक्षा आठ वर्षांनी मोठे. लहानपणी ताई दादांचे जुने बूट घालायच्या, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. दादांना कामाचा पहिला पगार मिळाला तेव्हा त्यांनी एका दुपारी बहीण झोपलेली बघून सुतळीने तिचं पाऊल मोजलं, आणि संध्याकाळी मापाचे नवेकोरे बूट आणून उशाशी ठेवले. ताई आठवडाभर ते बूट घालून घरातल्या घरात फिरत होत्या. रस्त्यावर घातले तर मळतील म्हणून.

तर सहा वर्षांपूर्वी हे दादा अचानक दुकानात आले, कान लाल करून उभे राहिले आणि म्हणाले, "मला पण शिकायचंय ते घसरायचं. वय झालंय, पण म्हटलं, बघू."

ताईंना काय करू आणि काय नको असं झालं. ज्या दादाने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नाही तो मागतोय! आणि मग तोवर सोळा वर्षं लोकांना उपदेश करत आलेल्या बाईंनी एकेक करत आपले सगळे नियम मोडले. पाच मिनिटांत दादा म्हणाले, "जरा टोचतंय गं." त्यांनी निमूटपणे एक नंबर मोठे बूट काढले. अर्ध्या तासाचं काम? थोरल्या भावाच्या हातात झाडू द्यायला त्यांचा हात धजेना. उलट खुर्ची दिली, चहा मागवला. आणि बोर्ड? त्या भिंतीकडे वळल्या आणि वर बघितलं. सगळ्यात वरच्या रांगेतला, काळाभोर, सोनेरी रेघेचा, शर्यतीत उतरणारी मंडळी ज्यासाठी लांबलांबून येतात तो, दगडासारखा कडक बोर्ड त्यांनी शिडी लावून खाली काढला. दादाला कमी का द्यायचं?

दादा डोंगरावर दोन तास टिकले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चाळीस वेळा पडले, एक्केचाळिसाव्या वेळी मनगट गेलं.

हॉस्पिटलमध्ये हाताला प्लास्टर घालून बसलेले दादा ताईंना बघून ओशाळवाणं हसले. "तू एवढं भारी सामान दिलंस आणि मी वाया घालवलं बघ. आपलं अंगच तसं." त्याच क्षणी सांगायला हवं होतं. ताईंना तेव्हाच सगळं लख्ख दिसलं होतं: सैल बूट, कडक बोर्ड, हातात न घातलेली मनगटपट्टी. पण त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "चहा आणू?" मग वाटलं, प्लास्टर निघाल्यावर सांगू. प्लास्टर निघालं. मग वाटलं, आता कशाला उकरायचं. अशी सहा वर्षं गेली.

त्या सहा वर्षांत "आपलं अंगच तसं" हे दादांचं पालुपद झालं. वहिनी पोहायला चला म्हणाली: आपलं अंगच तसं. मित्राच्या मुलाच्या लग्नात सगळे नाचले, दादा कोट सांभाळत बसले: आपलं अंगच तसं. सायकल शेजाऱ्याला देऊन टाकली. वहिनी ताईंना फोनवर सांगायची, "अगं, हल्ली जिना उतरताना पण कठडा धरतात. काय झालंय कळत नाही." ताईंना कळत होतं. त्या "हो का" म्हणून फोन ठेवायच्या, आणि त्या दिवशी गिऱ्हाइकांना अर्ध्याऐवजी पाऊण तास राबवायच्या.

आणि मग यंदा, थंडी पडल्यावर एका शनिवारी, दादा दुकानात आले. पाठोपाठ त्यांची मुलगी. ही भाची हॉस्पिटलात नर्स आहे, चोविशीची, दिवसभर उभ्याने काम करूनही संध्याकाळी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढणारी. दादांच्या काखेत जुन्या चादरीत गुंडाळून चिकटपट्टीने बांधलेलं एक लांबडं प्रकरण होतं.

"छकुले!" दादांनी हाक मारली. दुकानातल्या चार माणसांनी लहान मूल कुठे आहे ते बघायला माना वळवल्या. एक्कावन्न वर्षांच्या ताई स्टुलावरून म्हणाल्या, "आले रे."

"तुझं निम्मं काम वाचवलंय. हिला शिकायचंय. बोर्ड घ्यायचा नाही, बोर्ड आहे. तू फक्त बूट दे."

आणि त्यांनी चादर सोडली.

काळाभोर, सोनेरी रेघेचा. त्याच्या कडा चकाकत होत्या. सहा वर्षं न वापरलेल्या बोर्डाच्या लोखंडी कडांवर गंजाचा ठिपका नव्हता. दादा अभिमानाने म्हणाले, "दर वेळी दिवाणखाना आवरताना... म्हणजे वर्षातून दोनदा, तेलाने पुसतो. तू दिलेला, म्हणून."

ताईंच्या हातातली नाडी सुटली.

"बस गं," त्या भाचीला म्हणाल्या. "बूट काढ." जगात काहीही होवो, हे वाक्य त्यांना पाठ होतं.

भाचीचे बूट झाले. अंगठ्याने वेळेवर साक्ष दिली. अर्ध्या तासासाठी भाचीला हेल्मेटांचं कपाट लावायला दिलं. तेवढ्यात दादांनी शेजारच्या बाकापाशी असलेले गृहस्थ गाठले. हे पेशाने पियानो दुरुस्त करणारे, आणि नव्या बुटात उभे राहून पावत्या तारखेप्रमाणे लावत होते.

"असा बोर्ड इथे कुणाकडे नसेल," दादा त्यांना सांगत होते. "माझ्या बहिणीने दिलाय. आपल्याला पेलला नाही, तो भाग वेगळा."

"का हो?"

"दोन तासांत मनगट! आपलं अंगच तसं. आपण लिफ्टा दुरुस्त कराव्यात, या फंदात पडू नये." आणि दादा मोठ्याने हसले. पियानोवालेही हसले. ताईंनी मान खाली घातली.

मग त्यांनी चोरवाटा शोधायला सुरुवात केली.

"दादा, हा हिला जरा लांब होईल हं."

"दोन बोटं इकडेतिकडे चालतात गं."

"तसं नाही, आता नवीन आलेत, हलके आलेत. भाचीला माझ्याकडून देते ना."

दादांचा चेहरा पडला. "तू एवढ्या प्रेमाने दिलेला घरात पडून आहे, आणि नवा कशाला? माझ्या हातून नाही झालं, निदान माझ्या पोरीच्या पायाखाली तरी चालू दे."

भाचीने कपाटाआडून डोकं काढलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या, असू दे ना. मला बाबाचाच चालेल. त्याला बरं वाटेल."

बोलता बोलता ती एक हेल्मेट उचलत होती. ताईंची नजर सवयीने पायाकडे जायची, ती आज तिच्या हातांकडे गेली. बारीक, हाडकुळी मनगटं. या हातांनी ही पोरगी रोज वीस-वीस आजारी माणसांच्या शिरा शोधते, आणि म्हाताऱ्या बायका हिलाच सुई टोचायला बोलवा म्हणून हटून बसतात. उद्या ती या काळ्या बोर्डावर उभी राहणार, बोर्ड तिची एकही चूक पोटात घालणार नाही, आणि ती हात पुढे करून पडणार. आणि प्लास्टर बघून तीही म्हणणार, माझं अंगच तसं, बाबासारखं.

ताई स्टुलावरून उठल्या. कामाच्या वेळात त्या उठल्या हे बघूनच मालकांनी गल्ल्यावरून मान वर केली.

"दादा, हा बोर्ड शिकणाऱ्याचा नाही."

"म्हणजे?"

"कधीच नव्हता. शर्यतवाल्यांचा आहे. पाचसात वर्षं मुरलेल्या माणसालाच तो झेपतो."

दादांनी मान कलती करून कान दिला. बंद पडलेल्या लिफ्टसमोर ते असेच उभे राहतात, आधी आवाज ऐकतात. "मग मला का दिलास?"

"दुकानातला सगळ्यात भारी होता म्हणून."

"आणि बूट?"

"एक नंबर मोठे दिले. तू टोचतंय म्हणालास ना."

"मी काहीही म्हणेन! मला काय कळतंय त्यातलं?" दादांचा आवाज चढला. "अडकलेला माणूस आतून ओरडतो, दार उघडा, दार उघडा. म्हणून मी दोन मजल्यांच्या मध्ये दार उघडतो का?"

"नाही."

"अर्धा तास उभं केलंस मला? या सगळ्यांना करतेस तसं?"

"नाही. चहा दिला."

"चहा दिला!" दादांनी पियानोवाल्यांकडे बघितलं, जणू ते पंच होते. पियानोवाल्यांनी चटकन पावत्यांत डोकं घातलं. "आणि हे तुला कळलं कधी?"

इथे ताईंना खोटं बोलता आलं असतं. आत्ताच कळलं, बोर्ड बघून कळलं, काहीही. "हॉस्पिटलमध्ये," त्या म्हणाल्या. "तू प्लास्टर घालून बसला होतास तेव्हाच. तुझ्या अंगात काही खोट नाही दादा. त्या सामानावर मी पण पडले असते."

दादांचे कान सहा वर्षांपूर्वीसारखे लाल झाले.

"सहा वर्षं मी पोहायला गेलो नाही!"

"बाबा, पोहण्याचा काय संबंध?" भाचीने विचारलं.

"संबंध आहे! सायकल देऊन टाकली मी! चांगली सायकल!" आणि दादा ताडताड बाहेर निघून गेले. दाराची घंटा बराच वेळ हेलकावत राहिली.

काचेतून ते दिसत होते. फुटपाथवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात मागे बांधून, एकटेच बोलत. एक बाई कुत्रं घेऊन चालली होती, ती रस्ता ओलांडून पलीकडून गेली. ताईंनी भाचीसाठी एक साधा, मऊ, निळसर बोर्ड काढला आणि त्यावर बाइंडिंग बसवायला घेतलं. स्क्रू तिरका गेला. काढून पुन्हा बसवला, पुन्हा तिरका गेला. मालकांनी त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि काम पुरं केलं. बावीस वर्षांत मालकांनी स्क्रू पिळल्याचं कुणी बघितलं नव्हतं.

"आत्या, येईल तो," भाची म्हणाली.

"येईल गं. बोलेल का, ते सांग."

दादा आले. सरळ बाकावर बसले, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मला कुठले बूट लागतील? आणि भाऊबिऊ काही नाही. गिऱ्हाईक समजायचं."

ताई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "बूट काढा."

"काढतो."

दादांचं पाऊल कितीतरी वर्षांनी त्यांच्या हातात आलं. पंजा रुंद, टाच चिमुकली, डावा पाय उजव्यापेक्षा किंचित मोठा. हे सगळं तेव्हाच बघायला हवं होतं. तेव्हा त्या दादाच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या. बूट चढवला. नाड्या आवळल्या. दोन मिनिटं गेली आणि दादा म्हणाले,

"टोचतंय."

दुकानातल्या झाडूपासून मालकांपर्यंत सगळं थांबलं.

"कुठे?" ताईंनी विचारलं.

"पुढे."

"उभे राहा. गुडघे वाकवा. आता?"

दादांनी विचार केला. "आता नाही."

"मग टोचत नाहीये. टेकतंय. ती शिडी घ्या, आणि माळ्यावरची बारा खोकी खाली आणा."

"बारा?"

"गिऱ्हाईक आहात ना? मग बारा."

दादांनी बाराही खोकी आणली. मध्येच शिडी करकरते म्हणून तिला तेल दिलं, दाराचं बिजागर बघितलं, आणि मालकांना सुनावलं की हे असं ठेवाल तर एक दिवस दार कुणाच्या तरी अंगावर येईल. अर्ध्या तासाने घामाघूम होऊन समोर उभे राहिले. "टाच उचलत नाही," त्यांनी न विचारताच अहवाल दिला. "अंगठा ठीक आहे."

त्यांच्यासाठी ताईंनी कोपऱ्यातल्या तळच्या खुंटीवरून एक राखाडी बोर्ड काढला. चित्र नाही, रेघ नाही. हातांनी वाकवून दाखवला, तो नम्रपणे वाकला.

"हा अगदीच गरीब दिसतोय हो."

"गरीबच आहे. शहाणा आहे. आणि या मनगटपट्ट्या दोघांना. याच्यावर वाद नको."

दादांनी वाद घातला नाही. पण पुढच्या आठ दिवसांत त्यांनी ताईंना एकदाही नावाने हाक मारली नाही. सामानाबद्दल काही विचारायचं असलं की दुकानात फोन करायचे आणि म्हणायचे, "काय हो, ते पट्टे किती घट्ट करायचे?" हे "काय हो" ताईंना शिव्यांपेक्षा जास्त लागायचं. त्या अदबीने उत्तर द्यायच्या आणि रिसीव्हर ठेवून थोडा वेळ स्टुलावर नुसत्याच बसून राहायच्या. रविवारी बापलेक डोंगरावर जाणार असं भाचीकडून कळलं, तेव्हा शनिवारी संध्याकाळी त्यांनी मालकांकडे रविवारची सुटी मागितली. भर हंगामातली ही त्यांची पहिली सुटी. मालक म्हणाले, "जा. पण लोकांना कामाला कोण लावणार?" मग स्वतःच म्हणाले, "बघतो मी."

रविवारी सकाळी ताई नवशिक्यांच्या उतारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. जवळ नाही, खाली, कुंपणाच्या कडेला, पांढऱ्या टोपीत. भाची दोनदा पडून तिसऱ्यांदा सुरळीत निघूनही गेली होती, अगदी तिच्या वयासारखी. दादा वर होते. एवढा मोठा माणूस, त्या पांढऱ्या विस्तारावर बारीकसा दिसत होता.

ते उठले आणि पडले. उठले, हातभर सरकले, पडले. तीन वेळा बसूनच राहिले. ताईंची नजर त्यांच्या पायांवर खिळलेली. टाच जागची हलत नव्हती. सहाव्या वेळी बोर्ड वाकडा झाला, पण त्याची कड बर्फात रुतली नाही. त्या गरीब राखाडी बोर्डाने ती चूक मुकाट्याने पोटात घातली आणि दादांना अलगद पार्श्वभागावर बसवलं. दादा चकित होऊन बोर्डाकडे बघत राहिले.

आठव्या वेळी ते निघाले ते निघालेच. बोर्ड आडवा, भार टाचांवर, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, सावकाश, डौलाने, बर्फ खरवडत वीसेक पावलं खाली आले. आणि थांबले. लिफ्ट मजल्याशी केसभरही वरखाली न होता थांबावी, तसे थांबले.

आपण थांबलोय हे त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ते साक्षीदार शोधायला लागले. सगळ्यात जवळ एक अनोळखी तरणाबांड माणूस बर्फात उताणा पडला होता, त्याच्या छातीवर त्याचाच नवा लालभडक बोर्ड.

"बूट सैल आहेत तुमचे," दादा त्याला म्हणाले.

"आरामाचे म्हणून घेतले हो," तो कण्हत म्हणाला. "तुमचं सामान कुठलं?"

"खाली बाजारात एक दुकान आहे. तिथे माझी बहीण असते, तिच्या तोडीचं कुणी नाही." दादा थांबले, आणि बोट उगारून पुढे म्हणाले, "पण माझं नाव सांगू नका. ओळख दाखवू नका, नातं तर अजिबात काढू नका. तिरकं बोलली तर समजा काम झालं. चहा विचारला, तर उठा आणि पळा."

थंड हवेत आवाज लांबवर पोचतो. कुंपणाशी उभ्या असलेल्या ताईंनी शब्द न् शब्द ऐकला, आणि टोपी नाकापर्यंत खाली ओढली.

तेवढ्यात दादांची नजर त्या टोपीवर गेली. त्यांनी डोळे बारीक केले. मग दोन्ही हात तोंडाशी धरून, अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असे ओरडले,

"बघितलंस का?"

ताईंनी पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत बघितलं होतं.

"नाही रे!" त्या खालून ओरडल्या. "परत कर!"

दादांनी स्वतःशी काहीतरी पुटपुटत बोर्डाचे पट्टे सोडले, बोर्ड काखेत मारला, आणि पाय आपटत पुन्हा चढ चढायला लागले.